माळवद उकरणारे चौघं

जालना,
रविवारची रात्र

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज येऊन बारा दिवस झाले अन् मी उत्तर दिलं नाही, रागावला असशील. फोन करता आला असता पण फोनवर आपण दोघं दोन मिनिटांत पावसावर अन् पगारावर येतो, म्हणून म्हणलं एकदाचं बसून लिहावं. तू विचारलंस की तुझं ते स्पोकन वर्ड, म्हणजे लोकांसमोर उभं राहून कविता म्हणणं, अजून चालू आहे का, अन् खरं सांग, त्यानं कुणी बरं होतं का. पहिल्याचं उत्तर हो, चालू आहे. दुसऱ्याचं एका ओळीत देता येईना. मागच्या महिन्यात उमरग्याकडं एक गोष्ट घडली, ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

पण आधी मागचं सांगावं लागेल. तू पुण्याला गेलास त्यानंतर आपलं बोलणं वरवरचंच राहिलं, दोष तुझा नाही, मीच सांगत नव्हतो. २०१९ चा हिवाळा माझा फार वाईट गेला. रात्री झोप नाही, सकाळी ड्युटीला निघताना एका पायात बूट घालून अर्धा अर्धा तास तसाच बसून राहायचो, आई स्वयंपाकघरातून हाका मारायची, मला ऐकू यायच्या पण उठायची ताकद नसायची. डॉक्टरकडं गेलो, त्यांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या, थोडा फरक पडायला लागला होता. तेवढ्यात नातेवाईक एका चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या, सभेला घेऊन गेले. बाहेरून आलेल्या प्रचारकानं डोक्यावर हात ठेवला, सगळे हालेलुया म्हणाले, अन् तो म्हणाला तू बरा झालास, आता गोळी खाल्लीस तर तो अविश्वास. मी त्याच रात्री गोळ्या फेकून दिल्या. मला बरं व्हायचं होतं रे, फार मनापासून व्हायचं होतं.

तीन आठवड्यांत मी मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. हे तुला पहिल्यांदा सांगतोय. पहाटेची वेळ, आपल्या चर्चच्या मंडळीतले ते दुधाच्या कॅनवाले मामा सायकलवर चालले होते, त्यांनी पाहिलं, सायकल बाभळीला टेकवली अन् माझ्या शेजारी येऊन बसले. एक शब्द नाही. काय झालं विचारलं नाही, वचन सांगितलं नाही, प्रार्थना करू का म्हणले नाहीत. फक्त माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून बसून राहिले. उजाडलं तेव्हा म्हणले, चल, चहा घेऊ. त्या दिवशी कितीतरी घरांत दूध उशिरा गेलं. दुपारी तेच मला डॉक्टरकडं घेऊन गेले, गोळ्या परत सुरू झाल्या, अन् पुढं दीड वर्ष दर महिन्याला माझ्याबरोबर येऊन दवाखान्याच्या बाकड्यावर बसायचे.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवतात ना? संडे स्कूलमध्ये आपल्याला ते वाईट म्हणूनच शिकवले. पण दुसरा अध्याय परत वाच, ते आले, त्याचं दुःख किती मोठं आहे ते पाहिलं अन् सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणीच काही बोललं नाही. तिथवर ते बरोबर होते. तोंड उघडलं अन् मग चुकले.

मी जरा सावरल्यावर मंडळीत मला साक्ष द्यायला सांगितलं. साक्षीचा साचा तुला माहीतच आहे, आधी अंधार होता, मग प्रभू आला, आता सगळं चांगलं आहे, आमेन. माझं सगळं चांगलं नव्हतं. गोळ्या चालू होत्या, काही दिवस बूट अजून जड लागायचे. खोटं बोलायचं नव्हतं अन् गप्पही बसायचं नव्हतं. त्या आठवड्यात स्तोत्रसंहिता उघडली अन् ८८ वं स्तोत्र लागलं. दीडशे स्तोत्रांतला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे, पण बहुतेक विलाप शेवटी कुठंतरी वळतात, १३ वं बघ, चार वेळा 'कोठवर' म्हणून विचारतो अन् सहा वचनांच्या आत गाण्यावर येतो. ८८ वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. अन् तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढलं नाही, खाली कुणी समाधानाची ओळ जोडली नाही. मला इतका आधार वाटला त्याचा. म्हणजे माझ्यासारख्यालाही देवासमोर उभं राहून बोलता येतं, शेवट गोड व्हायच्या आधी.

मग लिहिलं. कारखान्यात मी डिस्पॅचला बसतो तिथं वजनकाट्याच्या पावत्यांची पाठ कोरी असते, सळईचा एक ट्रक काट्यावरून उतरून दुसरा चढेपर्यंत दोन-तीन ओळी व्हायच्या. त्या रविवारी साक्षीच्या जागी ते म्हणलं, कागद न बघता. शेवट असा होता, "अजून उजाडलं नाही, पण बाही कुणीतरी धरून आहे". मामा तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. मीटिंग सुटल्यावर महिला मंडळातल्या एक मावशी माझ्याजवळ आल्या, हात धरला अन् म्हणाल्या, "मलाबी गोळ्या चालूयेत, चार वर्षं झाले, घरात कुणाला माहीत नाही." बस एवढंच बोलल्या. पण मला तेव्हा समजलं की हे थांबवायचं नाही.

हे डोक्यात आलं कुठून ते तुला माहीतच आहे, हॉस्टेलला २०१२ साली तूच नेट पॅक मारून अमेरिकेतल्या ख्रिस्ती पोरांचे व्हिडिओ दाखवायचास. तेव्हा नुसता वेग आवडायचा. पुढं वाचलं तेव्हा कळलं की स्लॅम म्हणजे ही कवितांची स्पर्धा शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकामावर काम करणाऱ्या माणसानं उभी केली, १९८६ पासून तिथल्या ग्रीन मिल नावाच्या क्लबात, अन् ऐकायला आलेल्यांपैकीच पाच जण शून्य ते दहा मार्क देतात. तिकडच्या कृष्णवर्णीय मंडळ्यांतली उपदेशाची पद्धत, पाळकानं एक ओळ म्हणायची अन् लोकांनी बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं, तीही या बोलण्यात मुरलेली आहे. ते उत्तर देणं मी घेतलं. मार्क नाही घेतले. कुणाच्या गेलेल्या लेकराला साडेआठ देता येत नाहीत.

आपले एक जुने पंच म्हणाले, देवळात हे विदेशी फॅड कशाला. मी त्यांच्याशी वाद घातला नाही पण विचारलं, पैठण इथून दीड-दोन तासांवर, तिथं एकनाथ महाराज भारूड म्हणायचे तेव्हा ते काय होतं? फादर स्टीफन्स इंग्लंडहून आलेला माणूस, त्यानं १६१६ साली ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांत छापली, जवळपास ११ हजार ओव्या, त्या काय मनातल्या मनात वाचायला? अन् रेव्हरंड टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, त्यांनी ख्रिस्ती लोकांसाठी कीर्तन केलं, अभंग लिहिले, ते पंच स्वतःच दर रविवारी डोळे मिटून म्हणतात. अन् आपल्या आज्या जात्यावर म्हणायच्या ते? माझ्या आजीच्या ओवीत येशू अन् माहेर एकाच ओळीत यायचे, अन् जातं फिरून येईपर्यंत ती पुढचा शब्द अडवून धरायची. कुठं थांबायचं ते मी तिच्याकडूनच शिकलो, व्हिडिओवरून नाही. कागदावरची कविता अन् तोंडातली कविता यात फरक एवढाच की तोंडातल्या कवितेत श्वासाला जागा सोडावी लागते, अन् ऐकणाऱ्याचं दुःख त्याच जागेत येऊन बसतं.

पंच गप्प झाले. पण खरा वाद झाला तो कवितेबरोबर हलगी वाजवण्यावर.

तुला तर काय सांगू. आपण दोघंही बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मणाच्या घरचे, १८४३ ला बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याला आले अन् निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं, त्यात जास्त करून मांग समाजाचीच माणसं. आपले पणजोबा तिथं आले तेव्हा गावकी मागं टाकली, अन् गावकीबरोबर हलगीही टाकली, कारण मढ्यापुढं अन् पाटलाच्या दारात वाजवायचं ते वाद्य. म्हाताऱ्यांना हलगीचा आवाज आला की अजून अंगावर काटा येतो, मी ते समजू शकतो. पण मला वाटतं हलगीचा काय गुन्हा? अपमान करणारे दुसरेच होते. अन् ते अजून संपलेलं कुठं आहे, १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीची सवलत नाही, शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला, आपण बाहेरच, म्हणून किती घरांत दाखल्यावर एक धर्म अन् रविवारी दुसरा. पोरं नोकरीच्या भीतीनं फोटोत क्रूस झाकतात. हे पण दुखणंच आहे, अन् याच्यासाठी कुणी चंगाईची सभा घेत नाही. तर मी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली हलगी लावून बघितली एकदा. नाही जमलं. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज.

आता उमरग्याचं.

माझी एक कविता आहे, माळवद. मार्काच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, कफर्णहूम, घर माणसांनी गच्च भरलेलं अन् चौघं जण आपल्या पक्षघाती मित्राला बाजेवर घेऊन आलेले, दारातून जागा नाही म्हणून ते वर चढतात, छप्पर उकरतात अन् बाज खाली सोडतात. शहरात वाढलेल्याला हे चित्रच दिसत नाही, छप्पर कसं उकरणार? आपल्याला लगेच दिसतं, कारण तिथलं छप्पर आपल्या माळवदासारखंच, लाकडं, काड्या अन् वर चोपलेली माती. ही कविता मी जोरात करायचो. टेबलावर मूठ आपटत "उकर" म्हणायचो अन् लोक मागून "उकर" म्हणायचे, पोरांना फार आवडायची. अन् जिथं मी थांबायचो ती जागा म्हणजे पाचवं वचन, येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला. आजाऱ्याचा नाही. चौघांचा. ज्यानं मला सांगितलं होतं की तुझा विश्वास कमी पडला, त्याला द्यायचं उत्तर मला त्या एका शब्दात सापडलं होतं. मी बाजेवर पडलेलो होतो, माझ्याकडं विश्वास कुठून असणार, तो मामांकडं होता.

तर उमरगा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात त्यांच्या पास्टरांनी बोलावलं. पत्र्याचा प्रार्थना हॉल, साठ-सत्तर माणसं, बायका पुढं सतरंजीवर. मी माळवद सुरू केली. "उकर" म्हणलो. कुणी काही बोललं नाही. मला वाटलं माईक बंद पडलाय, आवाज वाढवला, मूठ जोरात आपटली, "पडू दे माती, पडू दे". एक माणूस उठून बाहेर गेला. बायांनी पदर तोंडाला लावले. मी तसाच शेवटपर्यंत गेलो, अन् खाली उतरलो तेव्हा पास्टर हळूच कानाशी म्हणले, "ब्रदर, इथं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्र्याण्णवला माळवदाखाली गेलेलं आहे."

मित्रा, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, हे मराठवाड्यातल्या कुणाला सांगायची गरज आहे का? आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं उशिरा झोपलेली. भूकंपानं मारलं त्यापेक्षा घरानं मारलं, मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती अन् वर माळवदाची हातभर माती, ती सगळी झोपलेल्यांच्या अंगावर. ५२ गावं नवीन वसवावी लागली. अन् मी तिथं जाऊन टेबलावर मूठ आपटत माती पाडत होतो. मी परत माईक घेतला अन् माफी मागितली, माझं चुकलं, मला कळायला हवं होतं, एवढंच बोलता आलं.

पहिल्या रांगेतल्या एक आजी, हिरवं लुगडं, हातात बांगडी नाही, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "लेकरा, बस खाली. मला बी वरूनच काढलंय."

मी त्यांच्यासमोर सतरंजीवर बसलो. त्या सांगू लागल्या, अन् आवाज एकदाही चढला नाही. "मी खाली वरडायले, तर तोंडात माती. कुणी बी आयकंना. दिस गेला, रात गेली. मग वरून टिकावाचा आवाज आला. अन् कुणीतरी म्हणलं, टिकाव नगं, खाली बाई हाय, हातानं उकरा." त्यांनी हात पुढं करून दाखवलं, बोटं वाकवून, जमीन खरवडल्यासारखं. "चौघं व्हते. एक माझा दीर. एक शेजारचा मुसलमान. एक वरल्या आळीतला, ज्याच्या उंबऱ्याच्या आत आमी कदी पाय ठिवला न्हवता. अन् एक मिलिटरीवाला. माझी दोन लेकरं न्हाई निघाली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सगळे इचारतेत किती गेले. कुणी काढलं ते कुणीच इचारलं न्हाई इतकी वर्सं."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग मागून एक बाप्या म्हणाला, मला माझ्या चुलत्यानं काढलं. मग एक बाई, मला कोण होतं माहीत नाही, पायाला धरून ओढलं. असं एक एक करत रात्रीचे अकरा वाजले. बाहेर गेलेला माणूस परत येऊन दाराला टेकून उभा होता, तो शेवटपर्यंत काहीच बोलला नाही, पण गेलाही नाही. कुणी लांब प्रार्थना केली नाही. पास्टरांच्या मिसेसनी चहा केला, पातेलं तीनदा चढवलं.

निघताना आजींनी मला थांबवलं. "तुझ्या त्या गाण्यात चौघांची नावं घाल. तिघांची मी सांगते." खिशात काट्याची पावती होती, तिच्या पाठीवर तिघांची नावं लिहून घेतली. चौथ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "त्याला मराठी येत न्हवतं. बाटलीच्या टोपणानं पाणी पाजलं मला, घोट घोट. नाव इचारायचं राहूनच गेलं."

तर तू विचारलंस बरं होतं का. आजी बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. त्या अजून पक्क्या घरात झोपत नाहीत, पावसातसुद्धा ओट्यावरच. मी स्वतः रात्रीची एक गोळी अजून घेतो. पण पास्टर सांगत होते की आता शनिवारी संध्याकाळी ती माणसं आपली आपण हॉलमध्ये येऊन बसतात, मी नसलो तरी, अन् बोलतात, कधी नुसतीच बसतात. अन् दाराला टेकून उभा होता त्याला पास्टरांनी १४४१६ नंबर लावून दिला, सरकारची ती मानसिक आरोग्याची फ्री हेल्पलाईन, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. मी प्रत्येक कवितेनंतर तो नंबर सांगतो. आता कुणी म्हणलं की गोळी म्हणजे अविश्वास, तर मी सरळ उभा राहून नाही म्हणतो, मंडळीत असो की मैदानात.

माळवद मी पूर्ण नव्यानं लिहिली. टेबल आपटणं काढून टाकलं. आता ती हळू आहे, मातीखालून बोलल्यासारखी, वर आवाज येतोय का याची वाट बघणारी. मग नावं येतात. पहिलं, दुसरं, तिसरं. अन् चौथ्याच्या जागी मला शब्द सापडत नाही. मार्कानंही त्या चौघांपैकी एकाचंही नाव दिलेलं नाही. दहा-बारा शब्द घालून पाहिले, जवान, भाऊ, परका, सगळे खोटे वाटतात. तिथं शब्द नकोच, तिथं हलगीची एक थाप पाहिजे, एकच, अन् मग शांत.

म्हणून हे पत्र. तुझे अण्णा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी परत गेलास, मी स्टँडवर सोडायला आलो होतो, तू खिडकीतून एकदाही मागं बघितलं नाहीस. मी तेव्हा काही बोललो नाही, बोलायची ती वेळ नव्हती. पण आपण दहा वर्षांचे असताना अण्णा तुला वीटभट्टीच्या मागं नेऊन हलगी शिकवायचे, पंचांना कळू नये म्हणून, अन् मला राखणीला उभं करायचे, ते मी विसरलो नाही अन् तूही विसरला नसशील. परवा काकूंकडं गेलो होतो. हलगी माळ्यावर आहे, अण्णांच्याच धोतरात गुंडाळून ठेवलेली. काकू म्हणाल्या, तो आला तर देईन, दुसऱ्या कुणाला नाही.

३० तारखेला आजींनी परत बोलावलंय. त्या दिवशी त्या गावात पहाटे सगळे जागेच असतात, म्हणून आपण आदल्या रात्रीच पोचायचं, ३ वाजून ५६ मिनिटांनी त्यांच्या ओट्यासमोर बसायचं. २८ ला रात्री पुण्यातून निघालास तर सकाळी इथं येशील, काकूंच्या हातचं जेवू अन् दुपारी माझ्या गाडीवर निघू. पाऊस अजून चालूच आहे, चामडं सैल पडलं असणार, वाजवायच्या आधी चांगली शेकावी लागेल. कडबा मी कोरडा काढून ठेवलाय.

तुझाच